मोजपट्टी अमेरिकेची, बाळ आपलं

‘बाळानं मान कधी धरली?’ असं भिवपुरीच्या अंगणवाडीत विचारा, घरच्या आजीला ते सणावरून सांगता येतं: गौरीत धरली, दिवाळीत पालथं पडलं. बाळाच्या विकासाच्या चाचणीला मात्र वय महिन्यांत लागतं. कोणत्या महिन्यात बाळ काय करतं, याचे भारतीय आकडे बडोद्यात तयार झाले. डॉ. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांची अमेरिकी चाचणी तिथल्या बाळांवर वापरून १९७० च्या सुमारास आपली प्रमाणं मांडली. त्यातूनच भारतीय बाळांचा विकास मोजणारी ‘डीएएसआयआय’ ही चाचणी आली. १९९७ ची सुधारित आवृत्ती अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आहे. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ बाबी आहेत.

पण चाचणीतले प्रश्न मराठीत आणले म्हणजे झालं असं नव्हे. जिना चढण्याची परीक्षा एकमजली कौलारू घरातल्या बाळाला कशी लावायची? पायरीच पाहिली नसेल तर नापास कोण, बाळ की परीक्षक? रांगण्याचंही तेच: न रांगणारं बाळ नापास ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालात (दिल्लीची बाळंही त्यात होती) शंभरातली चारेक बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आणि आधाराविना चालायला लागण्याचं वय? ८.२ ते १७.६ महिने, चांगला ऐसपैस. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.