वाट पाहणाऱ्याला दिलेला शब्द

खडकी स्थानकावर लोणावळा लोकलची वाट पाहणाऱ्याला ‘गाडी शिवाजीनगरहून सुटली’ एवढे कोणी सांगितले, तरी त्याचा जीव भांड्यात पडतो. त्यामुळे गाडी लवकर येते असे नाही. पण वाट पाहणे सुसह्य होते. संगणकाच्या ज्या पडद्यावर चित्रे नसतात, केवळ अक्षरांच्या ओळी असतात, तेथे हेच काम प्रगतिदर्शक पट्टी करते. काम किती टक्के झाले हे दिसत राहिलेले माणसांना आवडते, असे ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ साली प्रयोगाने दाखवून दिले.

ही पट्टी एकाच ओळीत हलते कशी? याचे उत्तर आमच्या घरातल्या जुन्या टंकलेखन यंत्रात आहे. ओळ संपली की वडील डावीकडची दांडी ढकलीत. तिने दोन कामे होत. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज ओळीच्या आरंभाशी येई. संगणकाच्या ‘आस्की’ संकेतावलीत ही दोन कामे वेगळी ठेवली आहेत : कागद सरकवण्याचा संकेत १०, कॅरेज परत आणण्याचा १३. कागद न सरकवता पुन्हा टंकन केले तर अक्षरावर अक्षर बसून नुसता काळा डाग होईल. पडद्यावर मात्र जुने अक्षर जाऊन त्या जागी नवे उमटते. सारी जादू एवढीच!

समजा, १००० नोंदींपैकी ४०० तपासून झाल्या. वीस घरांच्या पट्टीतील आठ घरे भरायची :

[########............] ४०%

मग १३ हा संकेत पाठवायचा आणि थोड्या वेळाने त्याच जागी नवी पट्टी लिहायची. ४०० नोंदींना दोन मिनिटे लागली असतील, तर उरलेल्या ६०० नोंदींना त्याच वेगाने तीन मिनिटे लागतील, हेही शेजारी लिहिता येते.

येथे काही खाचखळगे आहेत. पुष्कळदा ओळ संपेपर्यंत मजकूर आतच साठवला जातो. आपली ओळ तर संपतच नाही! म्हणून तो मुद्दाम बाहेर ढकलावा लागतो. शिल्लक आकडा १०० वरून ९९ झाला, की मागचे शून्य तसेच राहून ९९० दिसतात. तेथे कोरी जागा लिहून ते पुसावे. मजकूर पडद्याऐवजी फायलीत जात असेल, तर पट्टी काढूच नये. नाही तर फायलीत शेकडो पट्ट्यांचा कचरा साठतो.

माझ्या पहिल्या पट्टीने एका मित्राला फसवले. मी फायलींची संख्या मोजली, आकार मोजला नाही. नव्याण्णव लहान फायली झरझर संपल्या. शंभरावी प्रचंड होती. ‘आता होईलच’ म्हणून तो ९९ टक्क्यांवर पाऊण तास बसला आणि त्याची शेवटची बस चुकली.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. एकूण काम ठाऊक नसेल, तर टक्के सांगू नयेत. उभी, तिरकी, आडवी रेघ एकाच जागी फिरवून ‘काम चालू आहे’ एवढेच सांगावे. आणि तीही काम खरोखर पुढे सरकेल तेव्हाच फिरवावी. कारण समोरचा माणूस त्या पट्टीच्या भरवशावर आपला वेळ बेतत असतो.