एक जादा सेकंद आणि आपली सहेरी

1 जानेवारी 2017 च्या पहाटे 5 वाजून 29 मिनिटे 59 सेकंदांनंतर भारतात लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक जादा सेकंद घातला गेला. पुण्यात तेव्हा फजरची अजानही व्हायची होती.

पृथ्वी घड्याळासारखी नेमकी फिरत नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिचा वेग फार हळू कमी होतो, पोटातल्या हालचालींनी मधूनच वाढतोही. अणुघड्याळ मात्र एकसारखं चालतं. दोघांचा मेळ बसावा म्हणून 1972 पासून असे 27 सेकंद घातले गेले. 2035 पर्यंत ही पद्धत थांबवायचं 2022 मध्ये ठरलंय.

वर्गात मुलं विचारतात, मग नमाजच्या वेळा चुकणार का? नाही. सगळे 27 सेकंद मिळून अर्धं मिनिटही होत नाही, आणि नमाजची वेळ सूर्यावर ठरते.

खरी चूक होते ती वेगळीच. रमजानचा तक्ता मोबाइलवर आला की वर शहराचं नाव आधी बघा. पुणे मुंबईच्या पूर्वेला साधारण एक अंशावर आहे, त्यामुळे सूर्य इथे जवळपास 4 मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. मुंबईच्या वेळेने इफ्तार केला तर फक्त उशीर होईल. सहेरी मात्र फजरची वेळ लागल्यावरही चालूच राहील.