‘समादियामि’ : अर्थ आणि उच्चार

पंचशील ग्रहण करताना आपण ‘समादियामि’ हे पाली क्रियापद पाच वेळा उच्चारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, तेही याच शब्दाने. निवासी शाळेतील मुलांना तो रोजच्या वंदनेतून आपोआप पाठ होतो. पाठ झालेला शब्द समजूनही घ्यावा, यासाठी त्याची ही फोड.

अर्थाच्या दृष्टीने त्याचे घटक असे : ‘सं’ व ‘आ’ हे उपसर्ग, ‘दा’ हा धातू आणि ‘मि’ हा प्रत्यय. ‘दा’ म्हणजे देणे. ‘आ’ लागताच अर्थ उलटून ‘घेणे’ होतो. मराठीतील ‘प्रदान’ आणि ‘आदान’ आठवावे. ‘सं’मुळे ते घेणे सम्यक्, म्हणजे नीट समजून केलेले ठरते. ‘मि’ हा प्रथमपुरुषी एकवचनी प्रत्यय. शंभर मुले एकसुरात म्हणत असली, तरी प्रत्येक जण ‘मी स्वीकारतो’ असेच म्हणतो. शील दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही.

उच्चाराची फोड मात्र वेगळी आहे. ‘सं’मधील अनुस्वाराचा ‘म्’ होऊन तो ‘आ’ला मिळतो आणि पाच अक्षरे होतात : स-मा-दि-या-मि. मात्रा अनुक्रमे १, २, १, २, १, एकूण सात. मध्ये कोठेही थांबू नये. ‘दि’चा ‘धि’ झाल्यास ऐकणाऱ्यास ‘समाधी’चा भास होतो. शब्दान्तीचा इकार मराठीत आपण दीर्घ करतो, जसे ‘कवी’; पालीतील ‘मि’ ऱ्हस्वच ठेवावा.

शीलातील इतर शब्दांनाही हीच काळजी हवी. ‘वेरमणी’ची अक्षरे चार, मराठी वळणाने ‘र’मधील अकार गळून ‘वेर्मणी’ होते, आणि आपल्या झाडीपट्टीत ‘ण’चा ‘न’ होतो. ‘सिक्खापदं’ हे सिक्-खा-प-दं असे म्हणावे. त्यातील शेवटचा अनुस्वार ‘घरं’, ‘केलं’ यांतल्यासारखा नुसता लांबवू नये. तो नाकातून स्पष्ट उमटावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. गावोगावच्या विहारांत वंदना घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी लहान मुलांकडून हा शब्द आधी अक्षरागणिक टाळी देऊन सावकाश म्हणवून घ्यावा, अर्थ सांगावा आणि मगच नेहमीच्या लयीत म्हणू द्यावा.