आपले दात आणि आपले खाणेपिणे

राहात्याच्या श्रोत्यांपुढे साखरेविरुद्ध बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. आपला तालुका उसाचा. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५०-५१ च्या हंगामात लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि या भागाचे दिवस पालटले. ज्या साखरेने आपल्या घरात चार पैसे आणले, तिला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. साखर करावी कशी हे आपण उत्तम शिकलो. ती खावी केव्हा आणि किती वेळा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

दाताला ‘कीड’ लागली असे आपण म्हणतो. त्यामुळे आत खरोखरच किडा असतो अशी पुष्कळांची समजूत झाली, आणि धुरी देऊन किडे पाडून दाखवणाऱ्यांचे त्यावर फावले. वस्तुतः दातात किडा नसतो. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली आपल्या ग्रंथात खरा प्रकार मांडला. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. दातांवर जो बुळबुळीत थर साचतो, त्यात त्यांची वस्ती असते. आपण गोड खाल्ले की त्यांनाही मेजवानी मिळते आणि त्या साखरेचे ते आम्ल बनवतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कवचातील चुना विरघळवते. शरीरात या कवचाइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. परंतु हाड मोडले तर सांधते, तसे हे कवच एकदा खड्डा पडला की पुन्हा भरून येत नाही.

मग गोड खाणाऱ्या प्रत्येकाचे सगळेच दात का किडत नाहीत? याचे उत्तर लाळेत आहे. लाळ आम्ल धुऊन काढते आणि गेलेला चुना थोडाथोडा परत आणून देते. १९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या संशोधकाने हे मोजून दाखवले. साखर तोंडात गेल्यावर अवघ्या काही मिनिटांत दातांवरील थर आम्लधर्मी होतो आणि पूर्ववत व्हायला सुमारे अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दाताची झीज आणि डागडुजी दिवसभर आळीपाळीने चालू असते. डागडुजीला सवड मिळाली तर दात टिकतो. न मिळाली तर किडतो.

स्वीडनमधील विपेहोल्म येथील इस्पितळात १९४५ पासून काही वर्षे याचा पडताळा घेण्यात आला. मतिमंद रुग्णांवर, त्यांना संमती विचारण्याची सोय नसताना, हे प्रयोग झाले ही गोष्ट निंद्यच होय. आज असे कोणी करू धजणार नाही. पण निष्कर्ष स्पष्ट निघाला. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. चिकट गोळ्या जेवणाच्या अधूनमधून खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने किडले. तेव्हापासून त्या देशात मुलांना गोळ्या-मिठाई फक्त शनिवारी देण्याची चाल पडली.

आपल्याकडे निराळे काय होते? पुरणपोळी सणाला, लाडू लग्नाला, पेढा प्रसादाचा. गोडाला दिवस ठरलेला होता. आज मात्र सकाळी उठल्यावर चहा, कामावर पोचल्यावर चहा, पाहुणा आला की चहा, आणि मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा. असे दिवसातून सात-आठ वेळा झाले, तर दात चार तास आम्लात भिजत राहतात. चहाची आवड सुटत नसेल, तर निदान साखर आणि खेपा कमी कराव्यात.

काही पदार्थांविषयी गैरसमज आहेत. गूळ साखरेहून निरुपद्रवी, असे समजले जाते. दातांच्या दृष्टीने तसे नाही. चिक्कीसारखा तो फटीत चिकटून बसला तर अधिकच वाईट. बिस्किटाचा लगदाही दाढांच्या खाचांत बराच वेळ राहतो. उसाचा रस एका बैठकीत पिऊन चूळ भरावी. घोटघोट करीत दुपारभर पिऊ नये. बाटलीतील फसफसणाऱ्या पेयांचा दुहेरी मार आहे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा चार-पाच चमचे साखर असते. शिवाय ती पेये मुळातच आंबट, त्यामुळे जंतूंची वाट न पाहता ती कवच झिजवतात. लिंबू, चिंच सतत चोखल्यानेही तसेच होते. आंबट खाल्ल्यावर मऊ झालेला दात लगेच घासू नये. चूळ भरून थोडा वेळ जाऊ द्यावा.

सर्वांत अधिक जपावयाचे ते लहान मुलांना. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपी जाते. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून ते दूध रात्रभर दातांशी खेळत राहते आणि पुढचे दात काळे पडतात. दुधाचे दात पडणारच, असे म्हणून स्वस्थ बसू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे येणारी दाढ ही जन्माची असते. ती दुधाचीच समजून पुष्कळ घरी तिची हेळसांड होते.

उपाय खर्चाचे नाहीत. जेवणानंतर आचवण्याची जुनी चाल सोडू नये. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरावी. फ्लोराइड असलेल्या पेस्टने सकाळी आणि झोपण्यापूर्वी दात घासावेत, त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. मधल्या वेळेस भूक लागली तर शेंगदाणे खावेत, किंवा आपल्या राहात्याचा पेरू. त्यात साखर असली तरी ती गराच्या आत असते, आणि चावताना लाळ भरपूर सुटते. गोड जेवणाबरोबरच खाऊन घ्यावे. आणि दाढेत ठणका सुरू होण्याची वाट पाहू नये. ज्या लोणीत साखर तयार होते, त्याच लोणीत आज दंत महाविद्यालयही आहे. मुलाला वर्षातून एकदा तेथे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे नेऊन दात दाखवावेत.