पांढऱ्या गाडीवरचे काळे ओघळ

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गावांवरून जातो. आजूबाजूला मिठागरे आणि खाडी, पुढे समुद्र. अशा खाऱ्या हवेत बारा महिने उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या रंगाचे हाल होतात. सर्वांत जास्त हाल मोठ्या पांढऱ्या गाड्यांचे. घोडबंदर पट्ट्यातल्या चित्रीकरणांना लागणारी व्हॅनिटी व्हॅन असो, की २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले त्या धोरणातली मुक्कामी गाडी, तिच्या उंच, सपाट बाजूंवर बोटभर डागही लांबून दिसतो.

त्यातले सर्वांत चिवट म्हणजे खिडक्यांखालचे आणि छपराच्या कडेचे काळे ओघळ. मालक बाजू घासत बसतो, आठवड्यात ओघळ परत हजर! कारण उगम छपरावर असतो. तिथे धूळ आणि धुराची काजळी साचते, जुन्या रबराचा व सांध्यातल्या सीलंटचा सुटलेला अंश त्यात मिसळतो, आणि दव किंवा पावसाचे पाणी हे सगळे एकाच वाटेने खाली आणून सुकवते. म्हणून धुणे छपरापासूनच सुरू करावे. आधी भरपूर साधे पाणी सोडून मीठ आणि रेती वाहून जाऊ द्यावी, मगच शाम्पूचा स्पंज लावावा. कोरड्या फडक्याने पुसले की तीच रेती रंगावर ओरखडे काढते.

रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. तारेची घासणी किंवा भांड्यांची पावडर डागासोबत हा थरही खरवडते, आणि तो पुन्हा भरून येत नाही. फायबरच्या गाडीवरचा जेलकोट बराच जाड असतो, पण उन्हाने त्याची भुकटी होते. हात फिरवला की तळवा पांढरा होतो. त्या खरबरीत पृष्ठभागात मळ रुतून बसतो. तिथे शाम्पू पुरत नाही, पॉलिशिंग कंपाउंडच लागते.

डांबराचे ठिपके फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन निघतात, मात्र लगेच साबणाने धुवावे. बोअरच्या पाण्याची पांढरी वलये निम्मे पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतात. पाखरांच्या विष्ठेतले युरिक आम्ल तापलेल्या पत्र्यावर रंग खाते. जांभळांच्या दिवसांत त्यात फळाचा रंगही मिसळतो. ती खरवडू नये, ओले फडके दहा मिनिटे ठेवून उचलावी. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या ठिणग्यांतून बसलेले तांबूस गंजठिपके बोटाला टोचतात. त्यांच्यावर लोहकण सोडवणारे द्रावण फवारले की पांढऱ्या पत्र्यावरून जांभळे ओघळ वाहू लागतात आणि लोखंड नेमके कुठे रुतले होते ते दिसते. हे सारे सावलीत, पत्रा गार असताना करावे.

काही ठिकाणी गाडी धुऊन झाली की डिझेल किंवा रॉकेलचा हात मारतात. चकाकी येते खरी, पण त्या तेलकट थरावर धूळ चिकटते आणि खिडक्यांचे रबर फुगून खराब होते. मग तेच रबर नव्या ओघळांना खाद्य पुरवते. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी मेणाचा हात द्यावा आणि छपराच्या पन्हळीच्या टोकांना प्लास्टिकची छोटी चोच बसवावी. पाणी मग बाजूला न चिकटता थेट जमिनीवर पडते.