पॉइंट टू-टू रायफल आणि केसभर चूक

१ ऑगस्ट २०२४. अमेरिकेत अजून उजाडायचं होतं आणि मी फोन उशीखाली धरून पॅरिस ऑलिंपिकचे आकडे बघत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. या दोन्ही प्रकारांत वापरतात ती पॉइंट टू-टू रिमफायर रायफल.

त्या पदकानंतर काही महिन्यांनी प्रयोगशाळेतला एक सहकारी मला त्याच्या नेमबाजी क्लबमध्ये घेऊन गेला. पुढे मी क्लबचा सभासद झालो आणि एक साधी जुनी बोल्ट रायफल घेतली. तिचा नेम सुधारण्याच्या नादात मी एक मोठी चूक केली. ती पुढे सांगतोच. आधी थोडं भौतिकशास्त्र.

गोळी ५० मीटर जाते तेव्हा

साध्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते, घोडा तिच्यावर आपटतो. रिमफायरमध्ये अशी टोपी नसते. ठिणगी देणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या कडेत पसरवलेलं असतं आणि ती कडच ठेचली जाते. म्हणून हे काडतूस स्वस्त पडतं. पण कडेत रसायन सगळीकडे सारखं बसवणं अवघड असतं. आतली दारूही जेमतेम दशांश ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे जरासा फरकही जाणवतो. परिणाम असा की प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा.

आता हिशेब करू. सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघाली, तर ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढतं. ही घसरण वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. वेग ३३० ऐवजी ३२० झाला, म्हणजे ३ टक्के कमी झाला, तर घसरण ६ टक्क्यांनी वाढते आणि गोळी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. ऑलिंपिकच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं!

म्हणून पहिली सुधारणा रायफलीत नाही, काडतुसात आहे. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, खाली ठेवलेली असतात. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो आणि गोळीला वाराही जास्त ढकलतो. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली डबी बघून भुलू नका. कागदावर नेम धरायचा असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मॅच’ प्रकार घ्या. चार-पाच प्रकारांच्या एकेक डब्या आणून आपल्या रायफलीला कुठला मानवतो ते बघा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून साठा करतात.

नळी ही काठी नाही, तार आहे

पन्नास मीटरवर १० मिलिमीटर चुकणं म्हणजे कोनात फक्त ०.२ मिलिरेडियन चुकणं. नळी ६० सेंटिमीटर लांब असेल तर तिचं टोक ०.१२ मिलिमीटर हललं की एवढी चूक झाली. जवळजवळ एका केसाची जाडी.

आणि नळी हलतेच. दारू पेटली की सतारीची तार छेडावी तशी पोलादी नळी थरथरते. गोळी तिच्यातून बाहेर पडायला दोन-अडीच मिलिसेकंद घेते आणि तोवर ही थरथर सुरू झालेली असते. थरथर असण्याला हरकत नाही. ती दर वेळी सारखीच व्हावी, एवढंच आपलं मागणं. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या सुधारणांमागे हे एकच तत्त्व आहे.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तुम्ही राहता तिथला कायदा वाचा. ब्रिटनमध्ये या रायफलीलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, भारतात परवाना लागतो, अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात.

नळी मोकळी करणे. दस्त्याच्या पुढच्या भागात नळीसाठी खोबण असते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये एक जाड कागद किंवा डॉलरची नोट सरकवून बघा. ती सहज मागपर्यंत गेली तर ठीक. मध्येच अडकली तर लाकूड तिथे नळीला टेकतंय. हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, लाकूड आकसतं. उन्हाळ्यात दमट हवेत फुगतं. म्हणजे तो टेकण्याचा दाब ऋतूप्रमाणे बदलतो आणि नळीची थरथरही. गोल काठीला पॉलिशपेपर गुंडाळून तेवढीच जागा हलकेच घासली की काम होतं. उघड्या लाकडाला वॉर्निशचा हात द्यायला विसरू नका. रुगर १०/२२ सारख्या काही रायफलींवर नळी आणि दस्ता एकत्र बांधणारी पट्टी असते, ती काढून फरक पडतो का तेही बघता येतं. बारीक नळीच्या काही रायफली मात्र उलट वागतात. त्यांना टोकाशी थोडा आधारच मानवतो. म्हणून घासण्याआधी पोस्टकार्डाचा तुकडा खोबणीत घालून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी चाचणी घ्या. कार्ड काढता येतं, घासलेलं लाकूड परत येत नाही.

स्क्रू सारखे आवळणे. रायफलीची यंत्रणा दस्त्याला एक किंवा दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ते अंदाजाने आवळले तर दर साफसफाईनंतर तुमची रायफल वेगळी होते. छोटा टॉर्क रेंच घ्या, निर्मात्याने दिलेला आकडा पाळा आणि वहीत लिहून ठेवा. दुर्बिणीचे स्क्रूही याच नियमाने. माझ्या ओळखीतल्या निम्म्या ‘बिघडलेल्या’ रायफली एवढ्यानेच सुधारल्या आहेत.

नळीचं तोंड. गोळी बाहेर पडते त्या कडेला एका बाजूला खरवड असेल, तर वायू त्या बाजूने क्षणभर आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला तिरका धक्का देतो. भिंगाने कडा तपासा. दुरुस्ती गनस्मिथकडे सोपवा. तुम्ही एवढंच करा की साफ करताना सळई तोंडाकडून घालू नका, मागून घाला. आणि फार वेळा घासूही नका. या गोळ्यांवर मेणासारखं वंगण असतं, त्याचा पातळ थर नळीत बसला की मगच नेम स्थिरावतो. साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात त्या म्हणूनच.

चाप. अनेक साध्या रायफलींचा चाप ओढायला दोन-अडीच किलोचा जोर लागतो. रायफलीचं वजनही साधारण तेवढंच! ती न हलवता चाप ओढणं किती कठीण ते यावरून कळेल. हलका चाप उपयोगी आहेच, पण तयार, तपासलेला जोड विकत घेऊन बसवा. घरी कानस घेऊन आतले दात घासू नका. तिथे थोडं जास्त घासलं गेलं तर रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते. नेमापेक्षा माणूस महत्त्वाचा.

माझी चूक

मी काय केलं? एका शनिवारी नळी मोकळी केली, स्क्रू मोजून आवळले आणि नवी काडतुसं आणली. तिन्ही एकदम. आधी पाच गोळ्यांचा गट १९ मिलिमीटरचा यायचा, त्या दिवशी पहिलाच आला ११ मिलिमीटरचा. लगेच फोटो काढून बाबांना व्हॉट्सॲप केला. पुढच्या शनिवारी, काहीही न बदलता, गट आला २१ मिलिमीटरचा.

मी मोजमापांवर पीएचडी केलेला माणूस. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एका नमुन्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

‘गटाचा आकार’ म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर. हा आकडा फार लहरी आहे. पाच गोळ्यांच्या गटात तो निव्वळ योगायोगाने सुमारे २७ टक्क्यांनी वरखाली होतो. सरासरी २० मिलिमीटरची रायफल काहीही न करता आज १५ दाखवेल, उद्या २५, आणि अधूनमधून त्याच्याही बाहेर जाईल. एका गटावरून ‘सुधारलं’ म्हणणं म्हणजे एकदा छापा पडला म्हणून नाणं खोटं ठरवणं.

मग किती गट हवेत? दहा गटांची सरासरी घेतली तर अनिश्चितता साडेआठ टक्क्यांवर येते. सोयीची गोष्ट अशी की दहा गट म्हणजे पन्नास गोळ्या, म्हणजे एक डबी. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्हीकडे ही अनिश्चितता असते. म्हणून २० टक्क्यांची सुधारणा खात्रीने ओळखायला एक-एक डबीही अपुरीच पडते. पाच टक्क्यांच्या सुधारणेच्या गप्पा मारणाऱ्याला, किती गोळ्या झाडल्यास, एवढंच विचारा.

आता माझी पद्धत अशी. एका वेळी एकच बदल. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून चाचणी. ‘अ’ आणि ‘ब’ आलटूनपालटून, म्हणजे वारा आणि माझा थकवा दोघांच्या वाट्याला सारखा येईल. काडतुसांची तुलना असेल तर ती मित्र भरून देतो, कुठली आहेत ते मला सांगत नाही. वाईट गट फेकायचा नाही, चांगला फ्रेम करायचा नाही. सगळे वहीत.

अशा तऱ्हेने तीन महिने घालवल्यावर कळलं ते इतकं: माझ्या रायफलीत सगळ्यांत मोठा फरक काडतुसांनी पाडला, त्याखालोखाल स्क्रूंनी. नळी मोकळी केल्याचा फायदा झाला की नाही, हे माझी वही अजून सांगू शकत नाही. दोन संध्याकाळी लाकूड घासण्यात गेल्या होत्या, त्यामुळे हे लिहिताना जरा जिवावर येतंय. बाबांना मात्र मी खरा आकडा कळवला आहे. त्यांचं उत्तर आलं, “मग पुढच्या वेळी फोटो दहा गटांनंतरच पाठव.”