जॅकी रॉबिन्सन : एक विद्यार्थी-खेळाडू

फुटबॉल म्हटला कीं आमच्याकडील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पायानें उडविलेला चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवानें जो खेळ खेळतात तो निराळाच. तेथें चेंडू अंडाकृति असतो. खेळाडू तो काखेंत धरून धांवतो, आणि प्रतिपक्षाचे अकरा जण त्यास कवटाळून खालीं पाडूं पाहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें, नाहीं तर चेंडू गेला. येथें नुसता वेग पुरत नाहीं. भर धांवेंत दिशा बदलून निसटतां आलें पाहिजे. ही कला ज्यास विलक्षण साधली होती अशा एका विद्यार्थ्याची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

जॅकी रॉबिन्सनचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजीं जॉर्जिया संस्थानांत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. बाप लौकरच घर सोडून गेला. १९२० सालीं आई पांच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियांतील पॅसाडिना शहरीं आली व परक्यांच्या घरीं कामें करून तिनें त्यांना वाढविलें. तेथील सार्वजनिक तलावांत पोहण्यास कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यांतून एकच दिवस मुभा असे.

वडील बंधु मॅक हाहि मोठा धांवपटु होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें २०० मीटरच्या शर्यतींत तो जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. परंतु रौप्यपदक घेऊन परतलेल्या ह्या वीरास स्वतःच्या शहरांत रस्ते झाडण्याचें काम पत्करावें लागलें. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१९३८ च्या मे महिन्यांत एके दिवशीं जॅकीनें २५ फूट ६½ इंच लांब उडी मारून भावाचाच विक्रम मोडला, आणि लगेच दुसऱ्या गांवीं जाऊन त्याच दिवशीं बेसबॉलचा सामना खेळला! पुढें लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल व मैदानी शर्यती ह्या चारही खेळांत मानचिन्ह मिळविणारा तो पहिला विद्यार्थी ठरला. १९३९ सालीं त्यांच्या फुटबॉल-संघानें सहा सामने जिंकले, चार बरोबरीत सोडविले, व एकहि गमावला नाहीं. १९४० सालीं लांब उडींत तो साऱ्या अमेरिकन कॉलेजांत पहिला आला. परंतु त्या वर्षींचें ऑलिंपिक युद्धानें गिळून टाकलें होतें.

१९४२ सालीं त्यास सैन्यांत बोलावणें आलें, व १९४३ च्या जानेवारींत तो सेकंड लेफ्टनंट झाला. नंतर टेक्सासमध्यें कृष्णवर्णीयांच्या ७६१ व्या रणगाडा-पलटणींत त्याची नेमणूक झाली. कॉलेजच्या फुटबॉलांत दुखावलेला घोटा अजून त्रास देई.

६ जुलै १९४४ रोजीं छावणीच्या बसमध्यें तो एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारीं बसला असतां चालकानें त्यास मागें जाण्यास फर्माविलें. सैन्याच्या बसगाड्यांत वर्णभेद करूं नये असा नियम झालेला त्यास ठाऊक होता. तो हलला नाहीं. लष्करी पोलिस आले, वाद वाढला, आणि त्याच्यावर खटला भरण्याचें ठरलें. त्याच्या पलटणीच्या मुख्यानें त्या कागदावर सही करण्याचें नाकारलें. तेव्हां जॅकीची दुसऱ्या पलटणींत बदली करून तेथील मुख्याची सही घेण्यांत आली! वरिष्ठांचा अवमान व आज्ञाभंग हे आरोप पुढें आले. २ ऑगस्ट रोजीं नऊ अधिकाऱ्यांच्या न्यायासनानें त्यास निर्दोष सोडलें. आमच्या मतें, त्यानें जिंकलेल्या कोणत्याहि सामन्यापेक्षां हा कठीण होता. कारण येथें निसटून जाणें हें त्याच्या हातीं असूनहि तो जागचा हलला नव्हता.

त्याची जुनी पलटण त्या हिंवाळ्यांत फ्रान्समध्यें लढली. जॅकी तिच्याबरोबर नव्हता. नोव्हेंबर १९४४ मध्यें तो सन्मानानें सेवामुक्त झाला. १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून तो मैदानांत उतरला, आणि वरिष्ठ बेसबॉल-संघांत कृष्णवर्णीयांस अनेक दशकें असलेली बंदी त्या दिवशीं मोडली. १९७२ सालीं त्याचें निधन झालें.

पॅसाडिनाच्या नगरभवनासमोर आतां दोघां भावांचीं कांस्य-मस्तकें उभीं आहेत. जॅकीची नजर दूर ब्रुकलिनच्या दिशेस आहे. मॅकची नगरभवनाकडे.